माग थांबला की

१

शाळेतून घरी आले की चप्पल काढता काढताच मी धाकट्या भावाला, मंथनला, विचारते, दूध तापवलंस का? तो म्हणतो, "तापवलंय की गं आक्का," आणि दूध पिशवीतच असतं. मग मीच दूध तापवते, चहा टाकते, एक कप आप्पांना नेऊन देते, त्यांच्या शर्टाची वरची गुंडी लावते आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून माझा चहा पिते. हायस्कूलात दिवसभर विज्ञान शिकवून घसा बसलेला असतो. तो कप संपेपर्यंत मला कुणी काही विचारू नये असं वाटतं. आमच्या घरात ते सहज जमायचं, कारण आप्पा बोलतच नव्हते.

आमचं घर वडगावात, मागवाल्यांच्या गल्लीत आहे. पुढे सोपा, मग मधली खोली, तिच्या बाजूला स्वयंपाकघर, मधल्या खोलीला मागचं दार आणि दारापलीकडे मागाचं शेड. गल्लीत सकाळपासून दिवेलागणीपर्यंत साड्या विणणारे विजेवरचे माग खडखडत असतात. पाहुणे विचारतात, या आवाजात तुम्हाला झोप कशी लागते? खरं सांगायचं तर आवाजात झोप लागते, आवाज थांबला की मोडते. मागवाल्याच्या घरातलं माणूस जेवत असो की न्हात असो, माग थांबला की त्याचे पाय आपोआप शेडकडे वळतात. धागा तुटलेला असेल, आडव्या सुताची कांडी संपली असेल, काहीतरी बघायला हवंच असतं.

आमचे चार माग होते. आई गेली, आप्पांच्याने एकट्याने होईना, मंथनला त्यात रस नव्हता आणि मला नोकरी होती. शेवटी माग भंगारात गेले. शेड झाडून, चुना मारून रिकामं ठेवलं. त्या दिवशी आप्पा मधल्या खोलीत खुर्चीत बसले ते बसलेच. व्हय आणि न्हाय, एवढे दोनच शब्द त्यांच्याकडे उरले. डॉक्टर म्हणाले, प्रकृतीला काही झालेलं नाही. पण त्यांना असं बघून माझा जीव तुटायचा.

२

मंथन उद्यमबागेत एका कारखान्याच्या ऑफिसात काम करतो आणि उरलेल्या वेळात भुताखेतांचे पिक्चर बघतो. त्याचं ताजं वेड म्हणजे एक जर्मन पिक्चर. त्याचं मूळ नाव माझ्या तोंडात बसत नाही, अर्थ 'पलीकडची खोली' असा आहे म्हणे. तिकडच्या कुठल्याशा गावात चार मित्रांनी आम्ही लहान असताना घरगुती कॅमेऱ्यावर तो काढला. निपाणीत बारशाचं शूटिंग करतात ते याहून झकपक असतं. एक खोली, एक खुर्ची, एक दार आणि एक टकला माणूस. त्याच्या एका पायात निळा मोजा आहे आणि दुसऱ्यात तपकिरी, कारण घरातून निघताना बिचाऱ्याचं लक्ष नव्हतं आणि नंतरही ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

गोष्ट एवढीच. माणूस खुर्चीत बसलेला असतो. पलीकडच्या खोलीतून कसल्यातरी यंत्राचा आवाज येत असतो. आवाज थांबतो. माणूस उठून दारातून आत जातो. आवाज पुन्हा सुरू होतो आणि माणूस परत येऊन बसतो. पलीकडे काय आहे ते कॅमेरा दाखवत नाही. सव्वा तास हेच चालतं.

"मग भूत कवा येतंय?" मी विचारलं.

"येतच न्हाय. त्येच तर भारी हाय."

या पिक्चरचे जगभर भक्त आहेत. ते दोन रंगांचे मोजे घालून जमतात. पडद्यावरचं यंत्र थांबलं की सगळे उठून उभे राहतात, सुरू झालं की बसतात. आमच्या भागातही त्यांचा एक ग्रुप आहे. निपाणीचा मोबाईल दुकानवाला कुमार त्याचा म्होरक्या, आणि बाकी संकेश्वर, बोरगाव, लोंढा अशी गावोगावची मंडळी. यंत्र कसलं आहे यावरून जगातल्या या लोकांची वर्षानुवर्षं भांडणं चाललेली. कुणी म्हणतं छापखाना, कुणी म्हणतं कपडे धुवायचं मशीन.

"मंथ्या, पोरी बघायच्या वयात तू मोजे बघालाईस," मी म्हटलं.

त्याने तो पिक्चर मधल्या खोलीतल्या टीव्हीवर लावला तेव्हा मी मेथी निवडत होते. यंत्राचा आवाज सुरू झाला. खडक-खट, खडक-खट, आणि मध्येच एक ठोका मागे राहिल्यासारखा.

"तीन नंबर हाय," आप्पा म्हणाले.

माझ्या हातातली जुडी हातातच राहिली.

"काय म्हणालासा, आप्पा?"

"आपला तीन नंबरचा माग. लंगडतोय न्हवं का? पट्टा बदला म्हणून किती येळा सांगिटलं."

टीव्हीतला आवाज थांबला. टकला माणूस उठला. आणि ज्यांना मोरीपर्यंत न्यायला आम्ही दोघं लागायचो, ते आप्पा खुर्चीचे हात धरून उठले आणि मागच्या दाराने शेडकडे चालू लागले.

३

थोड्या वेळाने टीव्हीतला आवाज पुन्हा सुरू झाला तसे ते आपल्या पायांनी परत आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "चा न्हाय काय गं आज?"

मंथनच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, नाही कशाला म्हणू.

मग तो पिक्चर आमच्याकडे रोज संध्याकाळी लागू लागला. लोक देवाची आरती लावतात तसा. आप्पा बोलायला लागले. शहापूरच्या बाजारात कुठल्या साडीला कोण गिऱ्हाईक होतं, सुताची गाठोडी आणणारा मष्णू पायरीवरून कसा पडला, असलं काय काय सांगायचे. झुणका मागून घ्यायचे. "शाळंत पोरं आयकत्यात का गं तुझं?" असं त्यांनी मला विचारलं तेव्हा मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी पोळ्या करपवल्या.

समोरच्या जयाबाईंचे अजून सहा माग चालू आहेत. त्या मुद्दाम बघायला आल्या. "मारुतीराव, लई दिसांनी आवाज आयकला बघा तुमचा."

"माग चालू झाला न्हवं का आता," आप्पा म्हणाले. जयाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी टीव्हीकडे बोट दाखवलं.

पिक्चरमध्ये यंत्र थांबलं की आप्पा उठून शेडमध्ये जायचे आणि सुरू झालं की परत यायचे. मी विज्ञानाची बाई, माझ्याकडे याचं उत्तर तयार होतं. आवाजाने शरीराची जुनी सवय जागी होते. त्यात वावगं काही नव्हतं. उलट पायांना व्यायाम होत होता.

एके संध्याकाळी त्यांची गुंडी लावताना मला त्यांच्या भुवयांवर सुताची बारीक लव दिसली आणि खालच्या ओठाला चिकटलेला हिरव्या धाग्याचा नखाएवढा तुकडा. मागवाला तुटलेला धागा जोडतो आणि उरलेलं टोक दाताने तोडतो. लहानपणी आप्पांच्या ओठाला असे तुकडे मी रोज बघितले होते. पण शेड रिकामं होऊन दोन वर्षं झाली होती, आणि चुना मारायच्या आधी कोपरान् कोपरा मीच पुसला होता. कुठल्यातरी जुन्या कपड्याचा असेल म्हणून मी तो तुकडा केरात टाकला.

४

तरी मनातून जाईना. एका संध्याकाळी मंथन निपाणीला गेला होता. पिक्चर लावून मी रिमोटने त्याचा आवाज पूर्ण बंद केला. मला बघायचं होतं, आप्पा आवाजाला उठतात की टकल्या माणसाला बघून उठतात.

आवाज चालूच राहिला. खडक-खट, खडक-खट. मी क्षणभर चरकले, मग माझं मलाच हसू आलं. समोर जयाबाईंचे सहा माग चालू होते, आवाज येणारच. त्यातला एखादा लंगडत असेल. लंगडायला काय फक्त आमचाच माग लागतो?

मग तो आवाज थांबला. आप्पा उठले. टीव्हीतला माणूस मात्र अजून खुर्चीत बसलेला होता.

मी त्यांच्या मागोमाग गेले. शेडच्या खिडकीतून संध्याकाळचं ऊन आत आलं होतं आणि शेड रिकामं होतं, पांढऱ्या भिंती आणि जमिनीत माग बसवलेले खड्डे, बाकी काही नाही. तीन नंबरच्या जागी आप्पा वाकून उभे होते. त्यांचा उजवा हात पुढे जायचा, चिमटीत काहीतरी धरायचा, अलगद ओढून आणायचा. पुन्हा पुढे जायचा.

हे काम मला ठाऊक होतं. खूप धागे एकदम तुटले की दोघं लागतात. एकाने मागाच्या पलीकडे खाली बसून एकेक धागा पुढे द्यायचा, दुसऱ्याने अलीकडून तो ओढून घ्यायचा. देणाऱ्याने नुसतं देत राहायचं, घेणाऱ्याने नुसतं घेत राहायचं, एकमेकांची तोंडंसुद्धा दिसत नाहीत. आमच्याकडे आई पलीकडे बसायची. सुट्टीच्या दिवशी मी बसायचे. म्हातारा माणूस आठवणीत हरवलाय, असं म्हणून मी पुढे झाले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

त्यांच्या चिमटीत धागा होता. हिरवा, कोरा, हातभर लांब.

"आप्पा, ह्यो धागा कुठला?"

"दिला की."

"कुणी?"

"तुझ्या आईनं. पलीकडं बसल्या न्हवं का यशोदा. ती देत्या, मी घेतोय." एवढं बोलून ते हसले. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

मी तिथेच भिंतीला टेकून रडले. भीती वाटायला हवी होती, पण त्या वेळी मला फक्त आईची आठवण आली. मी पिक्चर बंद करायला सांगितलं नाही. मंथनलाही काही बोलले नाही. कुणी म्हणेल, शिकली-सवरलेली बाई ना तू? त्याने आधी आपला बाप दोन वर्षं मुका बघावा, मग बोलावं.

५

पुढे पुढे आप्पा शेडमध्ये जास्त वेळ राहू लागले. टीव्हीतला आवाज सुरू होऊन जायचा, टकला माणूस परत येऊन बसायचा, आणि आप्पांची खुर्ची रिकामीच असायची. मी आणायला गेले की म्हणायचे, "थांब गं, एवढं हुंदे." त्यांचे गाल बसले. जेवण कमी झालं. बोलणं चालू होतं, पण त्यातून बाजार गेला, मष्णू गेला. आता सगळं बोलणं पलीकडचंच.

"ती काय बोलतच न्हाय गं, मंजू. मी एवढा बोलतोय."

"आई तशी कमीच बोलायची, आप्पा."

"हात लई गार लागतोय तिचा."

मी त्यांना ताट वाढत होते.

"आन् काल बोट धरलं माझं. धागा दिला आन् बोट धरलं. सोडाय तयार न्हाय."

त्यांनी तर्जनी पुढे केली. पेराभोवती काळानिळा वळ होता, दारात बोट सापडल्यावर उमटतो तसा.

त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरले. आई गेली तेव्हा शेवटचे दिवस तिचा हात माझ्याच हातात होता. तिने कुणाचं बोट असं कधी धरलं नसतं. मला आप्पा बोलते हवे होते, पण हवे होते ते घरात, माझ्यासमोर. तिकडे कोण बसलं होतं मला माहीत नव्हतं, आणि जे कोणी होतं ते त्यांना रोज थोडं थोडं ओढून घेत होतं.

मंथन आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग चिडला. "आप्पा बोलाय लागलेत, तुला त्ये नको झालंय काय?"

"मला आप्पा पायजेत, मंथ्या. मुके आसले तरी चालतील."

तो मोबाईलवर काहीतरी बघत राहिला. मग म्हणाला की रविवारी दुपारी ग्रुपचा शो ठरलाय, लोक लांबून येणारेत, आणि हॉल मिळाला नाही म्हणून शो आपल्याच शेडमध्ये आहे. "त्येवढा होऊ दे. मग तुझ्यासमोर पुसून टाकतो सगळं. आयशप्पत."

मी बरं म्हटलं. त्याच क्षणी नाही म्हणायला हवं होतं.

६

रविवारी दुपारी माणसं आली. वीस-पंचवीस असतील. शेडच्या बाहेरच्या दारात चपलांचा ढीग पडला आणि आत निळे-तपकिरी मोजे ओळीने बसले. पोरं सालस होती. संकेश्वरच्या मुलीने मला वाकून नमस्कार केला. खिडक्यांना गोणपाटं लावून अंधार केला होता आणि चुन्याच्या भिंतीवरच पिक्चर दिसणार होता. आप्पांना मी मधल्या खोलीत बसवलं, मागच्या दाराला कडी घातली आणि त्यांच्या शेजारी स्टूल घेऊन बसले.

पिक्चर सुरू झाला. भिंतीपलीकडून आवाज येऊ लागला. गल्लीतले मागही चालू होते, सगळा एकच खडखडाट. आप्पा खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत होते.

मग करंट गेला. पंखा थांबला. जयाबाईंचे माग थांबले, त्यांच्या पलीकडचे थांबले, सगळी गल्ली एका दमात गप्प झाली. शेडमधला पिक्चरही बंद पडला असणार, कारण पोरांची निराशेची ओरड ऐकू आली.

आणि त्या शांततेत एक माग चालूच होता. खडक-खट, खडक-खट, मध्येच एक ठोका मागे.

मी डोकं चालवायचा प्रयत्न केला. मंथनचा लॅपटॉप असेल, बॅटरीवर चालणारा स्पीकर असेल. पण स्पीकरचा आवाज कानाला लागतो. माग पायाला लागतो, फरशीतून. माझ्या तळव्यांना तो लागत होता. पलीकडे पोरं टाळ्या पिटत होती. त्यांना वाटलं, मंथनने मुद्दाम काहीतरी योजना केली आहे.

माग थांबला.

आप्पा उठले. मी त्यांचा दंड धरला. त्यांनी तो असा काढून घेतला की मी स्टुलासकट आदळले. कडी निघाली, दार उघडलं. मी उठून धावले.

शेडमध्ये अंधार होता आणि त्या अंधारात सगळे उभे होते. रिवाजच होता त्यांचा. मोबाईलचा उजेड कुणी केला नव्हता, कुणी बोलत नव्हतं, सगळी तोंडं भिंतीकडे. आप्पा त्यांच्या ओळीतून वाट काढत तीन नंबरच्या जागेकडे गेले. मी अंगांवर आपटत, "सरका, सरका," म्हणत मागून गेले. मंथन कुठूनतरी ओरडला, "आक्का, काय झालं?"

गोणपाटाच्या फटीतून उन्हाची एक बारीक रेघ त्या कोपऱ्यात पडली होती. तिच्यात मला दोन हात दिसले. एक अलीकडून, एक पलीकडून, आणि मध्ये ताणलेला धागा. पलीकडचा हात खालून आला होता, बसलेल्या माणसाचा येतो तसा. आप्पा आज पार भिंतीशी जाऊन वाकले होते, तिथून भिंत वीतभर लांब होती. तिथे माणूस बसेल एवढी जागाच नव्हती. बांगडी नव्हती. दोन्ही हात म्हाताऱ्याचे होते, दोन्ही पांढऱ्या बाहीतले, आणि दोन्ही तर्जन्यांवर तो काळानिळा वळ होता.

तेवढ्यात कुणीतरी उजेडाच्या आड आलं. रेघ गेली. मी अंधारात हात घातला, जो हात हाताला लागला तो धरला आणि जीव खाऊन ओढला. हात गार होता. रोज एवढा वेळ त्या शेडमध्ये राहिल्यावर गार पडणारच, असं मी मनात म्हटलं, आणि ओढत ओढत, माणसांतून, दारातून, त्यांना घरात आणून खुर्चीत बसवलं. मागून टाळ्यांचा कडकडाट झाला.

करंट आला. आप्पा खुर्चीत होते. मी त्यांच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून रडले. निपाणीचा कुमार दारात येऊन म्हणाला, "आक्का, काय ॲक्टिंग केलासा तुमी दोघांनी! अंगावर काटा आला बघा."

७

मंथनने शब्द पाळला. माझ्यासमोर पिक्चर पुसला, ग्रुपमधून बाहेर पडला, दोन रंगांचे मोजे बंबात घातले. शेडला कुलूप लावलं. आता मागाचा आवाज यायचा तो फक्त गल्लीतून.

आप्पा पुन्हा मुके झाले. या वेळी व्हय आणि न्हायसुद्धा नाही. मी मनाची समजूत घातली. मुके असले तरी चालतील असं मीच म्हणाले होते. घास तोंडाशी नेला की ते तोंड उघडत, चहाचा कप ओठाला लावला की पीत. मी गुंडी लावायचे, ते समोर बघत बसायचे. बोटावरचा वळ काही उतरत नव्हता. हात गारच असायचे. मी रोज तेल लावून चोळायचे आणि तरी गार.

गल्लीत करंट जायचा, माग थांबायचे. पूर्वी मुके असतानासुद्धा आवाज थांबला की आप्पांची मान दाराकडे वळायची. आता ती जरासुद्धा हलत नव्हती. बरं झालं, सवय सुटली, असं मी म्हणायचे.

मंथन हल्ली मधल्या खोलीत येत नसे. "आक्का," तो एकदा म्हणाला, "आप्पा माझ्याकडं कसं बघत्यात बघिटलीस काय?"

"कसं?"

"वळख न्हाय तसं."

"आजारी माणूस हाय, मंथ्या. त्येस्नी तरी काय कळतंय?" मी त्याला दटावलं. पण त्यानंतर गुंडी लावताना मीही त्यांच्या डोळ्यांकडे बघायचं टाळू लागले.

८

काल मी शाळेतून आले, दूध तापवलं, चहा टाकला. मंथन अजून यायचा होता. आप्पांचा कप त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि उंबऱ्यावर बसले. बाहेर अजून उजेड होता, पोरं क्रिकेट खेळत होती.

करंट गेला. गल्ली गप्प झाली.

मागच्या बाजूने खोकल्याचा आवाज आला. कोरडा, दोनदा, मग घसा साफ केल्याचा. पहाटे माग चालू करायच्या आधी आप्पा असे खोकायचे. तो खोकला मी जन्मभर ऐकला आहे. कुलूप लावलेल्या शेडमधून तो आला.

"मंजू," आप्पा तिथून म्हणाले. आवाज थकलेला होता. "मंजू, हैस काय गं?"

माझ्यासमोर खुर्चीतल्या आप्पांचे ओठ मिटलेले होते.

मग त्यांचा हात हळूहळू वर आला. त्या रविवारपासून तो आपणहून हलला नव्हता. अंगठा आणि तर्जनीची चिमटी केलेली होती आणि चिमटीत धागा होता. त्यांनी तो माझ्यापुढे केला. माझे आप्पा मागासमोर कायम घेणारे होते. त्यांचा हात पुढे यायचा तो रिकामा, उघडा. हा हात देणाऱ्याचा होता, खालून वर आलेला, आणि मी घेईपर्यंत तो तसाच थांबणार होता.

त्या दिवशी अंधारात मी हाताला लागला तो हात धरला होता. कुणाचा, ते बघितलं नव्हतं.

"मंजू," शेडमधून आवाज आला, "मला हितंच ठिवून कुणाला गं घिऊन गेलीस?"

शेडची किल्ली माझ्या कमरेला होती. मी उठले. "आले, आप्पा," मी म्हणाले, आणि ते ऐकून समोरच्या माणसाने मान वळवली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. मागच्या दाराकडे जायला आमच्या घरात एकच वाट आहे, आणि ती त्या खुर्चीला खेटून जाते.